त्वचेखालचे मणी

मुंबईसारख्या बंदराच्या शहरात त्वचा व गुप्तरोगांची ओपीडी चालवणाऱ्या डॉक्टराला लिंगावरील कृत्रिम गाठी ओळखता यायलाच हव्यात, असे माझे ठाम मत आहे. व्यापारी जहाजांवरचे आपले कोकणी तरुण फिलिपिनो खलाशांबरोबर महिनोन्महिने राहतात आणि त्या खलाशांपैकी काही जण काचेचे किंवा प्लास्टिकचे गुळगुळीत मणी लिंगाच्या कातडीखाली बसवून घेतात. त्यांना ते ‘बोलितास’ म्हणतात. थायलंड, कोरिया आणि जपानमध्येही ही प्रथा आढळते. जपानमध्ये ती याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी आणि तुरुंगाशी जोडली गेली आहे.

हे खूळ आजकालचे नव्हे. मॅगेलनच्या सागरी मोहिमेतील वृत्तांतकार अंतोनियो पिगाफेत्ता याने १५२१ मध्ये फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरील पुरुष लिंगातून सोन्याची किंवा कथलाची कांडी आरपार घालत असल्याचे लिहून ठेवले आहे. ज्यांना हे सारे परक्यांचे वाटते, त्यांनी कामसूत्राचे सातवे अधिकरण उघडून दाक्षिणात्यांच्या लिंगवेधाचा उल्लेख जरूर वाचावा.

तपासताना गाठ टणक लागते, बोटाखाली सरकते, दाबली तरी सहसा दुखत नाही. वरची त्वचा निरोगी असते आणि नीट पाहिले तर जवळच एखादा बारीक व्रण दिसतो. रुग्ण संकोचाने गप्प राहतो, डॉक्टरही विचारत नाहीत, आणि मग एपिडर्मॉइड सिस्ट (त्वचेखालची पिशवीसारखी गाठ) किंवा लायपोमा (चरबीची गाठ) समजून विनाकारण बायोप्सीची चिठ्ठी लिहिली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. धातूचा मणी एक्स-रेत स्पष्ट दिसतो, प्लास्टिकचा बहुधा दिसत नाही. तेथे सोनोग्राफी उपयोगी पडते. परंतु सर्वांत आधी, पडदा ओढून, आवाजात कसलाही ठपका न ठेवता, “इथे काही बसवून घेतलंय का?” असे सरळ विचारावे. रुग्णाचा चेहरा तेवढ्यानेच सैल पडतो.

त्रास नसेल तर मणी काढलाच पाहिजे असे नाही. काढायचा झाल्यास जागा बधिर करून लहानसा छेद पुरतो. पू, वेदना किंवा त्वचा फाटून मणी बाहेर येऊ लागणे ही मात्र थांबण्याची वेळ नव्हे. हे काम पुष्कळदा जहाजावर किंवा कोठडीत, निर्जंतुक न केलेल्या, कधी एकाच पात्याने अनेकांवर केले जाते, म्हणून एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या मी आवर्जून सांगतो. संबंधाच्या वेळी पत्नीला दुखते का, हेही त्याच बैठकीत विचारतो, कारण ती स्वतःहून हे सांगायला सहसा येत नाही.