फाइली बघतील वाटलं, त्यांनी एकच रिपोर्ट उचलला

आमच्या टेस्टिंग लॅबला आयएसओ १७०२५ चं, म्हणजे लॅबच्या क्षमतेच्या स्टँडर्डचं, ॲक्रेडिटेशन (अधिकृत मान्यता) मिळाल्यापासून जो तो क्वालिटी मॅन्युअलची, म्हणजे लॅब कशी चालते ते लिहिलेल्या पुस्तिकेची, कॉपी मागतोय. अरे, २०१७ च्या आवृत्तीत मॅन्युअल हवंच अशी अटसुद्धा राहिली नाहीये.

खरी डोकेदुखी स्कोपची. ॲक्रेडिटेशन अख्ख्या लॅबला नसतं, स्कोपमध्ये लिहिलेल्या टेस्ट, मेथड आणि रेंजपुरतंच असतं, हे वरच्यांच्या गळी उतरवताना घसा कोरडा पडला. मार्केटिंगवाल्यांना सगळंच टाकायचं होतं. शेवटी प्रोफिशियन्सी टेस्टिंगमध्ये (एकच सॅम्पल अनेक लॅबना देऊन निकाल ताडतात ते) ज्यांचा झेड स्कोर, म्हणजे अपेक्षित आकड्यापासूनचं अंतर, २ च्या आत होता तेवढ्याच टेस्ट ठेवल्या.

असेसमेंटला, म्हणजे ॲक्रेडिटेशनच्या तपासणीला, आलेल्या टेक्निकल असेसरांनी फाइलींच्या कपाटाकडे बघितलंही नाही. जुना एक रिपोर्ट काढला आणि उलटं मागे जायला लागले, सॅम्पल नंबर, रॉ डेटा, टेस्ट कोणी केली, करणाऱ्याला ऑथराइज कोणी केलं, वजनाचा बॅलन्स कुठला, त्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दाखवा, त्यावर अनसर्टन्टी (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते) दिलीये का, असं करत करत तासभर एकाच कागदावर. मग आमच्या ॲनालिस्टला म्हणाले, "मॅडम, हीच टेस्ट आता माझ्यासमोर करा." ती घाबरलेली, पण ओव्हनचा थर्मामीटर वाचून सर्टिफिकेटवरचं करेक्शन लावूनच तिने आकडा लिहिला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

एनसी, म्हणजे नॉनकन्फॉर्मिटी (त्रुटी), निघालीच. एका थर्मामीटरचं सर्टिफिकेट होतं, पण तो आमच्या मेथडच्या टॉलरन्सला (चालणाऱ्या फरकाला) पुरतो का हे तपासल्याची नोंद नव्हती. नोंद करून पाठवली तर प्रश्न परत आला, बाकीच्या उपकरणांचं काय, आणि आधी दिलेल्या रिपोर्टांवर परिणाम झाला का? बरोबरच होतं त्यांचं. रूट कॉजमध्ये 'नजरचुकीने राहिलं' लिहू नका, ते कोणी मान्य करत नाही. सर्टिफिकेट आलं की कोणी, कशाशी ताडायचं ही पद्धतच आम्ही बसवली, जुने रिपोर्ट तपासले, मग क्लोज झालं.

इन्स्पेक्शनवाल्यांचं स्टँडर्ड वेगळं, १७०२०, तिथे तुम्ही टाइप ए, बी की सी, म्हणजे किती स्वतंत्र आहात, यावरच आधी कीस पाडतात, आणि साइटवर येऊन इन्स्पेक्टरचं काम बघतात ते वेगळंच.

आता मार्केटिंगवाले म्हणतायत ॲक्रेडिटेशनचा लोगो सगळ्याच रिपोर्टांवर छापा. स्कोपबाहेरच्या टेस्टचा रिपोर्ट असेल तर नाही छापता येत हो, कितीदा सांगू.