अधिपरिचारिका ते परिसेविका : पोस्ट बेसिकच्या दोन वर्षांचा माझा अनुभव

आमच्या व्यवसायात वॉर्डची इन्चार्ज, म्हणजे परिसेविका, होण्याची पाळी सेवाज्येष्ठतेने येते. परंतु त्या जागेवर बसून नेमके काय करायचे, हे नोकरीत कोणी पद्धतशीर शिकवत नाही. ते शिकून घ्यावे, या एकाच हेतूने मी जीएनएम या परिचर्येच्या पदविकेनंतर अनेक वर्षे शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून काम केल्यावर पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग या पदविकाधारक परिचारिकांसाठीच्या पदवीला प्रवेश घेतला. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू ठेवणे आणि कार्यालयाकडून ना-हरकत मिळवणे यांत बराच काळ गेला, तरी ते कागदपत्रांचे काम चिकाटीने होण्यासारखे आहे.

पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय ओळखीचे होते. खरे शिक्षण दुसऱ्या वर्षी, परिचर्या प्रशासन आणि परिचर्या शिक्षण या दोन विषयांत झाले. प्रशासनाच्या प्रात्यक्षिकात मेडिसिन वॉर्डचे ड्यूटीपत्रक तयार करायचे होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात 3 रुग्णांमागे 1 परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकीच्या वाट्याला संपूर्ण वॉर्ड येतो, हे आम्ही सर्वजणी जाणतो. साप्ताहिक सुट्ट्या, नाइट ऑफ (रात्रपाळीनंतरची सुट्टी) आणि रजा यांचा मेळ घालून मी पत्रक मांडले, तेव्हा शिकवणाऱ्या मॅडमनी प्रत्येक पाळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला : नव्याने रुजू झालेल्या सिस्टरला रात्री शंका आली, तर ती कोणाला विचारणार? ड्यूटीपत्रकात तासांइतकीच अनुभवाचीही वाटणी करायची असते, हे मला त्या प्रश्नाने शिकवले. तेव्हापासून दोन नवख्या सिस्टर एका पाळीत येणार नाहीत, ही दक्षता मी आधी घेते आणि सुट्ट्यांचे गणित त्यानंतर बसवते.

परिचर्या शिक्षणात पाठनियोजन करून जीएनएमच्या विद्यार्थिनींना प्रत्यक्ष शिकवावे लागले. पाठाचे उद्दिष्ट लिहिताना ‘माहिती देणे’ असे लिहिलेले चालत नसे. पाठानंतर विद्यार्थिनी स्वतः काय करू शकेल, ते लिहावे लागे. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली, तेव्हाही वॉर्डमधील शिकवण्याची जबाबदारी तेथील सिस्टरवरच होती. आपल्याकडे मात्र विद्यार्थिनींना अनेकदा रिक्त जागांची भरपाई म्हणून वापरले जाते. दिवसभर टीपीआर (तापमान, नाडी, श्वसन) नोंदवून आणि खाटा लावून त्या परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते. विद्यार्थिनी वॉर्डात आल्या की इन्चार्जने त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

परिसेविका झाल्यावर मी ओव्हर देण्याची, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवण्याची, पद्धत बदलली. पूर्वी ती टेबलापाशी, रजिस्टर वाचून होत असे. आता दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन सलाइन, कॅथेटर, ड्रेसिंग आणि द्यायची राहिलेली औषधे समक्ष पाहतात. यास वेळ अधिक लागतो आणि पहिल्या काही आठवड्यांत कुरबुरही झाली, परंतु द्यायची राहिलेली औषधे पाळी बदलतानाच लक्षात येऊ लागली. विद्यार्थिनींनाही मी त्याच वेळी सोबत घेते आणि एका रुग्णाची ओव्हर त्यांच्याकडून देववते.

आता माझी एमएस्सी नर्सिंगची तयारी सुरू आहे. त्यासाठी पदवीला किमान 55 टक्के गुण आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो; पोस्ट बेसिक केलेल्यांना हा अनुभव अभ्यासक्रमापूर्वीचा असला तरी चालतो. त्यामुळे माझ्यासारख्या सेवेतील परिचारिकांनी त्यासाठी वेगळे वर्ष थांबण्याची गरज नाही.