बँकेचं जिंगल आणि बारा आवाज

जिंगल तीस सेकंदांचं, एका बँकेचं. क्लायंटला मागे 'दहा-बारा जणी गातायत' असा कोरस हवा होता आणि बजेट होतं एकाच गायिकेचं. मी रेकॉर्डिस्ट. असल्या दिवशी घरी उशिरा येईन असं सांगूनच निघतो.

ती काचेपलीकडे उभी राहिली आणि सवयीने काळी चारची पट्टी मागितली. आवाज सुरेल, पण टोकदार. तो बारा वेळा एकावर एक चढवला असता तर कान किटले असते. म्हटलं, खाली काळी दोनवर ये.

"दादा, ही पुरुषांची पट्टी झाली!"

काम थांबवलं आणि तिला कार्पेंटर्स या अमेरिकन बहीण-भावाच्या जोडीचं 'सुपरस्टार' लावून दिलं. १९७१चं गाणं. कॅरन कार्पेंटर त्यात इतकी खाली आणि माइकच्या इतकी जवळ आहे की श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतो. भाऊ रिचर्डने नॅपकिनवर खरडून दिलेले शब्द वाचत तिने एकदा नुसतं गाऊन बघितलं, आणि तोच टेक रेकॉर्डवर राहिला. आमच्याकडे असल्या चाचणीच्या टेकला स्क्रॅच म्हणतात आणि संध्याकाळी पुसून टाकतात.

हेडफोन काढून ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "काळी दोन द्या."

कोरसचं गणितही मी त्याच घरातून उचललेलं. गाणारी भावंडं दोनच. हार्मनीचे, म्हणजे एकाच वेळी लागणाऱ्या वेगवेगळ्या स्वरांचे, चार पदर करायचे, प्रत्येक पदर तीनदा गायचा, झाले बारा आवाज. तेव्हा टेपवर ट्रॅक मोजकेच, म्हणून गायलेले आवाज मिसळून कमी ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचे गायचे. एकदा मिसळलं की वेगळं करता येत नाही. रिचर्डचा कान लाँग बीचच्या कॉलेजात, फ्रँक पूलर यांच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, तयार झालेला. सगळ्यांचा स्वर एकाच तोंडातून निघाल्यासारखा लागला पाहिजे, ही कॉयरची शिस्त. त्यातून एकाच घरातले दोन गळे. बाहेरून बारा गायक आणले असते तरी ते इतके एकजीव झाले नसते, असं माझं मत आहे. त्यांची काही गाणी मला जास्त गोड वाटतात, पण कोरस सुरू झाला की तक्रार विसरतो.

सहाव्या ट्रॅकला ती कंटाळली. "शेवटी जिंगलच ना, दादा?"

मग तिला क्रॉकर बँकेची गोष्ट सांगितली. १९७०मध्ये कॅलिफोर्नियात या बँकेची एक जाहिरात लागायची. नवं लग्न झालेलं जोडपं आणि मागे गाणं. रिचर्डने ती टीव्हीवर पाहिली आणि आवाज ओळखला. तो होता पॉल विल्यम्स, त्यांच्याच ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीतला गीतकार. रिचर्डने जाऊन विचारलं, हे गाणं पूर्ण आहे का? त्यातून 'वीव्ह ओन्ली जस्ट बिगन' आलं आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. नंतर ते लोकांच्या लग्नांतून वाजायला लागलं.

नवव्या ट्रॅकनंतर चहा आला. "ती कॅरन आता काय करते?"

"गेली. ४ फेब्रुवारी १९८३ला. बत्तीस वर्षांची होती."

"कशाने?"

ॲनोरेक्सियाने, म्हटलं, खाणंच तुटत जाण्याचा आजार. शरीर इतकं खंगलं की हृदय बंद पडलं. हे सांगायला मला आवडत नाही, कारण तिथून पुढे कुणी गाण्याबद्दल विचारत नाही. कॅरनला कुणी विचारलं तर ती स्वतःला ड्रमर म्हणायची. डाउनीच्या हायस्कूलच्या बँडमध्ये तिने काठ्या हातात घेतल्या. १९६६मध्ये 'हॉलिवूड बोल' या खुल्या रंगमंचावरच्या स्पर्धेत रिचर्डचं त्रिकूट जिंकलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि ड्रमच्या मागे बसली होती. पुढे गाणं गाजलं, तशी लोकांना ती समोर, माइकपाशी हवी झाली आणि ड्रमवर दुसरं कुणी बसू लागलं.

गायिकेने कप ठेवला. "ती वाजवते तेही ऐकवा ना."

शिफ्टचा पाऊण तास उरला होता. तरी ऐकवलं. उरलेले तीन ट्रॅक तिने जवळजवळ एका दमात दिले.

मिक्स पाठवला. रात्री आठला क्लायंटचा फोन आला. "कोरस मस्त! किती जणी होत्या? फक्त मेन बाईंचा आवाज जरा वरच्या पट्टीत नाही का होणार?"