सोनेरी पेन

रविवार, रात्र

भाचीने आज खोलीत लावायला एक तक्ता करायला घेतला. महिलांची चारशे मीटर, आजवरच्या सर्वांत वेगवान वेळा. ती स्वतः चारशे धावते, म्हणून रोज डोळ्यासमोर हवा म्हणाली. पट्टीने रेघा मारून झाल्या, निळ्या पेनाने नावं लिहून झाली, पहिली ओळ तेवढी कोरी ठेवली. मग सोनेरी पेन उघडून मला विचारलं, "मावशी, पहिलं नाव सोनेरीत लिहू ना?"

पहिलं नाव मारिता कोख. ४७.६० सेकंद, कॅनबेरा, ६ ऑक्टोबर १९८५. मला पटकन हो म्हणवेना, आणि नाही म्हणायलाही जीभ रेटेना. "सांगते नंतर," म्हणाले. ती वाट बघून झोपली. पेनाचं टोपण उघडंच राहिलं होतं, ते मी आत्ता लावलं.

सप्टेंबर २०२५ मधली टोकियोची ती अंतिम शर्यत आम्ही दोघींनी एकत्र पाहिली होती. ट्रॅक ओला होता. सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन अडथळ्यांची शर्यत बाजूला ठेवून त्या मोसमात सपाट चारशेत उतरली होती. शेवटच्या वळणावर मारिलेइडी पॉलिनो तिच्या मागे लागली, आणि घड्याळावर आकडे आले, ४७.७८ आणि ४७.९८. त्याआधी अठ्ठेचाळीसच्या आत फक्त दोघीच धावल्या होत्या, १९८३ मध्ये यार्मिला क्रातोख्विलोव्हा आणि १९८५ मध्ये कोख. भाची उडी मारून उठली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "खरं असेल ना गं हे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की अजून ती नजर विसरत नाही. "मावशी, असं नको ना म्हणूस."

त्या मुलींवर संशय घ्यावा असं माझ्याजवळ काहीही नव्हतं. तरी तो शब्द आधी आला, आनंद मागून आला. माझी नजर अशी कधी झाली, याचाच विचार आज संध्याकाळपासून करते आहे.

कधी झाली ते मला पक्कं ठाऊक आहे. १९८८. मी बारा वर्षांची होते आणि माझ्याकडे कात्रणांची एक वही होती. २४ सप्टेंबरला सोलमध्ये बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ मध्ये धावला. रेषेपाशी एक हात वर करून, मान वळवून बघणारा त्याचा फोटो मी पानभर चिकटवला, खाली लाल शाईने आकडा लिहिला, दोनदा गिरवला. तीन दिवसांत बातमी आली. त्याच्या लघवीच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं होतं, पदक काढून घेतलं होतं. मी ब्लेड घेऊन ते पान शिवणीपासून कापलं. बारीक तुकडे केले. रडले नाही, पण दोन दिवस कुणाशी बोललेही नाही. नंतर लक्षात आलं की पानाच्या मागच्या बाजूलाही काहीतरी चिकटवलेलं होतं. तेही गेलं.

नव्या पानावर मी कार्ल लुईस चिकटवला, ज्याला मग ते सुवर्ण मिळालं. चौथा आलेला कॅल्विन स्मिथ, ज्याला त्या गोंधळातून कांस्यपदक मिळालं, तो काही माझ्या वहीत आला नाही. पुढच्या वर्षांत कळत गेलं की त्या आठ जणांपैकी सहा जणांची नावं कधी ना कधी औषधांच्या कुठल्या ना कुठल्या प्रकरणात आली. स्मिथचं आलं नाही. म्हणजे ज्याचा फोटो लावायचा तो माझ्याकडून राहूनच गेला.

कोखचं प्रकरण जॉन्सनसारखं सरळ नाही. ती कुठल्याही चाचणीत कधी सापडली नाही, आणि आपण काही गैर केलं नाही, हेच तिने कायम सांगितलं. पण ती पूर्व जर्मनीची. तिथे १९७४ पासून ‘राज्य योजना १४.२५’ या नावाने सरकारच खेळाडूंना औषधं देत होतं. हजारो खेळाडू, त्यांत शाळकरी पोरी. बर्लिनची भिंत पडल्यावर वेर्नर फ्रांके आणि ब्रिगिटे बेरेंडोंक या जोडप्याने दडवलेले कागद बाहेर काढले आणि त्यांतून कुणाला किती गोळ्या दिल्या याचे हिशेब मांडले. त्यांत कोखचंही नाव होतं. विक्रम मात्र तसाच राहिला. २०१४ मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने तिला आपल्या सन्मान यादीतही घेतलं.

तिथे पोरींना देत त्या निळ्या गोळ्यांचा विचार केला की मला राग कुणाचा येतो, हेच बदलून जातं. पूर्व जर्मनीचीच हायडी क्रीगर सोळाव्या वर्षापासून त्या घेत होती, जीवनसत्त्वं म्हणून. १९८६ मध्ये गोळाफेकीत युरोपची विजेती झाली. शरीर इतकं बदललं की पुढे १९९७ मध्ये तिने लिंगबदल करून आंद्रेआस हे नाव घेतलं. आपल्याला हा निर्णय स्वतःचा स्वतः घेऊच दिला नाही, ही त्याची खंत. आता डोपिंगविरुद्ध काम करणाऱ्या जर्मन लोकांना हायडी क्रीगरच्या नावाने सन्मान देतात, आणि त्या सन्मानचिन्हात १९८६ चं ते सुवर्णपदकच बसवलेलं आहे. त्या पदकाला याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही.

आणि तिथलीच धावपटू इनेस गाइपेल. १९८४ मध्ये तिच्या क्लबच्या चौघींनी चार बाय शंभर रिलेत क्लब संघांचा जर्मन विक्रम केला होता. तिने स्वतःच संघटनेला सांगितलं, माझं नाव काढा, ही वेळ माझी नव्हे. शेवटी तिच्या नावाच्या जागी तारांकन आलं. आपल्या विक्रमातून आपलंच नाव खोडून घ्यायला काय काळीज लागत असेल! पेन उचलावा तो अशा बाईसाठी.

मग जुने सगळे विक्रम पुसूनच टाकावेत का? २०१७ मध्ये युरोपच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेने जवळजवळ तेच सुचवलं होतं. २००५ च्या आधीचे नमुने साठवलेले नाहीत, म्हणून तेव्हाचे विक्रम मान्यताप्राप्त यादीतून बाजूला काढायचे. त्यात पॉला रॅडक्लिफचा २००३ चा मॅरेथॉनचा विक्रम जाणार होता, जोनाथन एडवर्ड्सचा १९९५ चा तिहेरी उडीचा आणि माइक पॉवेलचा १९९१ चा लांब उडीचाही. तिघांनीही कडाडून विरोध केला. याने माझ्या नावाला आणि प्रतिष्ठेला धक्का बसतो, असं काहीसं रॅडक्लिफचं म्हणणं होतं. तेव्हा मला माझं ब्लेड आठवलं. पान कापलं की मागच्या बाजूचंही जातंच.

आणि ज्यांच्याविरुद्ध संशयापलीकडे काहीच नाही, त्यांचं काय? अमेरिकेची फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर १६ जुलै १९८८ ला इंडियानापोलिसमध्ये १०.४९ धावली. तेव्हाचा विक्रम होता १०.७६. शंभर मीटरमध्ये एका झटक्यात पाव सेकंदाहून जास्त! त्या शर्यतीत वाऱ्याचं यंत्र शून्य दाखवत होतं, आणि त्याच मैदानावर तिहेरी उडीच्या ठिकाणी मात्र जोराचा वारा नोंदला जात होता. म्हणजे शंका आधी वाऱ्याची, पाठीमागून वारा असला की वेळ कमी लागते. पण लोकांनी धरून ठेवली ती औषधाची. ती एकाही चाचणीत सापडली नाही. १९९८ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, झोपेत अपस्माराचा झटका येऊन गेली, तरी कुजबुज थांबली नाही. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. तिच्या बाबतीत मी टाळी वाजवत नाही आणि बोटही दाखवत नाही. हे अर्धवट वाटेल कुणाला. मला याहून प्रामाणिक काही सापडलेलं नाही.

ज्यांचं हिरावून घेतलं त्यांच्याबद्दल मात्र माझ्या मनात जराही दुमत नाही. २००४ च्या ऑलिम्पिकची गोळाफेक प्राचीन ऑलिंपियाच्या मूळ मैदानावर झाली. प्रेक्षक गवताच्या उतारावर बसलेले. युक्रेनचा युरी बिलोनोग आणि अमेरिकेचा अ‍ॅडम नेल्सन दोघांचीही फेक २१.१६ मीटर, दुसऱ्या क्रमांकाच्या फेकीवर सुवर्ण बिलोनोगला. आठ वर्षांनी साठवलेला नमुना पुन्हा तपासला आणि बिलोनोग सापडला. नेल्सनला त्याचं सुवर्णपदक २०१३ मध्ये मिळालं, अटलांटा विमानतळावर, खाण्याच्या दुकानांच्या गर्दीत. कुठे ती अडीच हजार वर्षांची माती आणि कुठे ते टेबल. पदक दिलं, पण तो क्षण त्याला कोण देणार?

त्याच ऑलिंपियात, मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर, दगडी चौथऱ्यांची एक रांग आजही आहे. लबाडी करणाऱ्यांकडून दंड घेऊन त्या पैशांतून झ्यूसच्या काशाच्या मूर्ती उभारायचे, आणि खाली कुणी काय केलं ते कोरून ठेवायचे. पहिल्या सहा मूर्ती इसवी सनपूर्व ३८८ मधल्या, प्रतिस्पर्ध्यांना लाच देणाऱ्या एका मुष्टियोद्ध्याच्या आणि ती घेणाऱ्यांच्या दंडातून उभ्या राहिल्या. मूर्ती गेल्या, चौथरे राहिले. खेळायला जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यासमोरून जावं लागे. त्यांनी नावं पुसली नाहीत आणि त्यांच्यावर फुलंही वाहिली नाहीत.

हे जुनंपुराणं झालं असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये शिकागोत रूथ चेपंगेटिच २:०९:५६ मध्ये मॅरेथॉन धावली, दोन तास दहा मिनिटांच्या आत येणारी पहिली बाई. वर्षभराने तिच्यावर डोपिंगसाठी तीन वर्षांची बंदी आली. दोषी नमुना मार्च २०२५ चा, म्हणून शिकागोची वेळ नियमाप्रमाणे कायम राहिली. नियम आहे तो, मी मानते. पण त्या शर्यतीची चित्रफीत मी तेव्हा चार वेळा पाहिली होती. आता लावावीशी वाटत नाही.

उठून तक्ता पाहिला. भाचीचं अक्षर सुरेख आहे. उद्या सकाळी तिला सांगणार आहे: कोखचं नाव पहिल्या ओळीतच लिही, वेळ लिही, तारीख लिही, सगळं निळ्या पेनाने. सोनेरी पेन तुझ्याजवळ ठेव, कुणाची ओळ त्याने गिरवायची ते तुझं तू ठरव. आणि टोकियोच्या रात्री मी जे बोलले, त्याची माफीही मागायची आहे. ती इतक्या दिवसांत राहूनच गेली.

वही कपाटात वरच होती. कापलेल्या पानाची बोटभर पट्टी शिवणीत अजून अडकलेली आहे. तिच्या शेजारी, कार्ल लुईसच्या फोटोखाली उरलेल्या जागेत, आत्ता लिहिलं: कॅल्विन स्मिथ, ९.९९, चौथा, मग तिसरा. शाई पसरली थोडी, कागद जुना आहे. कापलेल्या पानाच्या मागच्या बाजूला काय चिकटवलं होतं, ते मात्र कितीही आठवलं तरी आठवत नाही.