लेझर हेअर रिमूव्हल: केस गेले, कागद अडकला

पोटऱ्या आणि काखांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते. तिथलं काम सरळ झालं आणि आता महिनोन्‌महिने त्यांची आठवणही येत नाही. माझा राग आहे तो हनुवटीच्या बाबतीत. खरं तर हनुवटीवरही नाही, एका कागदावर. तो कागद माझ्याच उपचाराचा होता, क्लिनिकच्या फायलीत होता, आणि तो माझ्या हाती पडू नये म्हणून तिथल्या प्रत्येकानं आपापला खारीचा वाटा उचलला.

ज्यांनी अजून काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. केसाला काळा रंग देणारं मेलॅनिन लेझरचा प्रकाश शोषून घेतं, त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता मुळाशी पोचून नवा केस तयार करणाऱ्या पेशींना इजा करते. आजूबाजूची त्वचा न भाजता नेमकं लक्ष्य तेवढं तापवायचं, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं. अडचण एकच: मेलॅनिन त्वचेतही असतं. त्वचा जितकी सावळी, तितका प्रकाश वरच्यावर त्वचेतच अडकायचा धोका जास्त. मग भाजणं, काळे डाग, कधी पांढरे डाग. म्हणून यंत्र कोणतं हा प्रश्न महत्त्वाचा. अलेक्झांड्राइट लेझरची तरंगलांबी ७५५ नॅनोमीटर, डायोडची साधारण ८०० ते ८१०, आणि एनडी-यागची १०६४. तरंगलांबी वाढते तसा मेलॅनिन प्रकाश कमी शोषतं आणि प्रकाश खोल जातो. त्यामुळे गडद त्वचेला एनडी-याग सर्वांत सुरक्षित धरतात. बारीक केसांवर मात्र त्याचा जोर कमी पडतो. आयपीएल म्हणून जे मिळतं तो लेझर नव्हेच, तो अनेक तरंगलांब्यांचा झगझगीत दिवा असतो. सावळ्या त्वचेवर तो फार जपून वापरावा लागतो.

आता सगळ्यांना हवा असलेला प्रश्न: केस कायमचे जातात का? पूर्ण नाही. त्यांची संख्या घटते आणि ती घट बराच काळ टिकते. अमेरिकेचं एफडीएसुद्धा या यंत्रांना केसांच्या कायमस्वरूपी घटीसाठीच मान्यता देतं, समूळ नाहीसे होण्यासाठी नाही. जे केस उरतात किंवा पुन्हा येतात ते बारीक आणि फिके असतात. माझ्या पायांचं तसंच झालं. वर्षाकाठी एखादं टच-अप, बस.

एका बैठकीत भागत नाही, कारण लेझर लागू पडतो तो वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसाला. बाकीचे केस त्या वेळी विश्रांती घेत असतात आणि त्यांचं मूळ तावडीत सापडत नाही. म्हणून चेहऱ्यासाठी साधारण चार ते सहा आठवड्यांनी आणि अंगासाठी सहा ते आठ आठवड्यांनी जायचं, असं सहा ते आठ वेळा. लवकर उरकावं म्हणून तारखा जवळ आणून काही फायदा नाही, उलट त्वचेला त्रास.

दुखतं का? हो, पण सहन होतं. काखेत सगळ्यात जास्त. प्रत्येक पल्सबरोबर, म्हणजे प्रकाशाच्या प्रत्येक झोताबरोबर, एक गरम टोचणं आणि खोलीभर जळक्या केसांचा वास. नंतर प्रत्येक केसाभोवती गांधीसारखा बारीक लाल उंचवटा येतो. पहिल्यांदा पाहून मी धसकले होते, पण ते लक्षण चांगलं असतं, उष्णता मुळापर्यंत पोचल्याचं. काही तासांत, फार तर दोन दिवसांत बसतं. पुढचे एक-दोन आठवडे केस वाढतायत असं वाटतं. वाढत नसतात, मेलेले केस बाहेर ढकलले जात असतात. आंघोळीत हात फिरवला की हाताला येतात. या काळात चिमट्याला हात लावायचा नाही.

तर आता हनुवटी.

पाय आणि काखा प्रत्येक वेळी बदलत होत्या. हनुवटी मात्र सुरुवातीला थोडी सुधारली आणि मग थांबली ती थांबलीच. वर जबड्याच्या कडेला, जिथे आधी नुसती लव होती, तिथे काळे केस दिसायला लागले. मी तंत्रज्ञ मुलीला दाखवलं. ती म्हणाली, "होतं मॅडम, पुढच्या सेशनला बघू." पुढच्या सेशनला दुसरीच मुलगी. तिनं फाईल उघडली, बघितली, मिटली आणि जेल लावायला घेतलं. मी विचारलं, आज सेटिंग काय ठेवताय? "तुमचं जे आहे तेच." आणि माझं काय आहे? यावर ती नुसतं गोड हसली.

तेव्हाच ठरवलं की हनुवटी दुसऱ्या ठिकाणी, त्वचारोगतज्ज्ञाकडे दाखवायची. तिथून फोनवर सांगितलं, आधीच्या उपचाराचा तपशील घेऊन या: कोणतं यंत्र, किती एनर्जी, किती पल्स. मला वाटलं, हे काय, पाच मिनिटांचं काम.

"रेकॉर्ड आम्ही देत नाही, मॅडम. पुढची डेट कधीची घेऊ?"

"डेट नको. फक्त सेटिंगचा कागद हवाय."

"सेटिंग मशीनमध्ये असतं."

"मग मशीनमधून बघून लिहून द्या."

"ते सर आल्यावर."

सर म्हणजे डॉक्टर. पॅकेज घेतलं त्या दिवशी ते प्रसन्न मुद्रेनं समोर बसलेले होते. त्यानंतर मी जाईन तेव्हा ते नुकतेच बाहेर पडलेले असत. फोन केला की "निरोप दिलाय". मेसेजवर दोन निळ्या खुणा आणि पुढे शांतता. मग म्हणाले, अर्ज लिहून द्या. दिला. मग म्हणाले, अर्जावर कारण लिहा. लिहिलं: 'दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे आहे.' यानंतर रिसेप्शनचा सूरच बदलला. इथे नेमकं काय पटलं नाही, असं तीन वेगवेगळ्या लोकांनी मला विचारलं, आणि एकानं तर जबड्यासाठी वाढीव सेशन मोफत देऊ केलं. मला मोफत काही नको होतं. मला चार आकडे हवे होते.

हे आकडे इतके का लागतात तेही सांगते, कारण त्या वेळी घरचेसुद्धा म्हणत होते, कशाला डोकं लावतेस, नव्या ठिकाणी नव्यानं सुरू कर. एनर्जी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल. ती कमी पडली तर मूळ मरत नाही, नुसतं शेकतं. जास्त झाली तर त्वचा भाजते. पल्सची लांबी मिलिसेकंदांत मोजतात. जाड केस उष्णता जास्त वेळ धरून ठेवतो, त्याला लांब पल्स चालते; बारीक केस ती चटकन सोडून देतो, त्याला छोटी पल्स लागते. तिसरा आकडा स्पॉटचा: ठिपका मोठा असला की प्रकाश जास्त खोल जातो. आणि चौथी गोष्ट तरंगलांबी. उपचार पुढे सरकतो तसे केस बारीक होत जातात, म्हणून त्वचा किती सोसते ते बघत सेटिंगही बदलत न्यावं लागतं. आधी काय दिलं आणि त्वचेनं काय उत्तर दिलं हे माहीत नसेल, तर नवा डॉक्टर पुन्हा तळापासून चाचपडत वर येणार. म्हणजे माझे महिने आणि माझा चेहरा.

शेवटी मी रिसेप्शनसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि सांगितलं, सर येईपर्यंत बसते. पुस्तक नेलंच होतं. शेजारी पॅकेजची चौकशी करायला आलेल्या दोघीजणी होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, "तुम्हाला कसा अनुभव आला इथला?" मी तोंड उघडायच्या आत काउंटरमागची मुलगी उठली, आत गेली आणि माझी फाईल घेऊन बाहेर आली. सर लागले नाहीत, अर्ज लागला नाही, फोटोकॉपी काढून हातात.

त्या कागदावर तक्ता होता. तारीख, भाग, स्पॉट, ज्यूल, पल्स, सही. पायांच्या ओळींमध्ये आकडे व्यवस्थित चढत गेलेले. हनुवटीच्या पहिल्या ओळीत आकडे, आणि त्याखाली प्रत्येक ओळीत नुसती 'वरीलप्रमाणे'ची दोन टिंबं. निळ्या शाईत, मग काळ्या, मग हिरव्या. पेन बदललं, मुली बदलल्या, टिंबं तीच. पहिल्या दिवशी चेहरा म्हणून जपून ठेवलेली सर्वांत कमी एनर्जी शेवटपर्यंत तशीच राहिली होती. मी घरी येऊन तो कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला आणि मला हसूही आलं आणि संतापही.

नव्या डॉक्टरांनी तक्ता एका नजरेत वाचला. पण त्यांनी लेझरचं नाव काढण्याआधी विचारलं ते पाळीबद्दल. नियमित आहे का, मुरुमं येतात का, वजन वाढलंय का, डोक्यावरचे केस विरळ होतायत का. हे मला आधी एकानंही विचारलं नव्हतं. हनुवटी, वरचा ओठ, जबडा इथले केस पुरुषी हार्मोन्सच्या इशाऱ्यावर चालतात. पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशाशी जोडलेला हार्मोन्सचा बिघाड, असेल तर लेझर आहेत ते केस मारतो, पण हार्मोन्स नव्या लवेला जाड काळे केस बनवत राहतात. माझ्या रक्ताच्या तपासण्या झाल्या (टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, थायरॉईड), सोनोग्राफी झाली, आणि पीसीओएस निघालाच. जबड्याच्या कडेच्या त्या नव्या केसांबद्दल त्या म्हणाल्या, लेझरनंतर काहींच्यात असे उलटे केस वाढतात. चेहरा आणि मानेवर, सावळ्या त्वचेत, हार्मोन्सचा त्रास असणाऱ्यांत जास्त. कडेला पोचलेली अपुरी उष्णता मुळांना मारण्याऐवजी चेतवते, असं मानलं जातं.

पुढचं सगळं मुकाट झालं. औषध सुरू, एनडी-याग, आधी छोटा टेस्ट पॅच, मग हळूहळू चढती एनर्जी. जबड्याच्या कडेवरही तोच उपचार. आज हनुवटी पूर्ण गुळगुळीत नाही आणि होणारही नाही. पण रोज सकाळी आरशासमोर जो अर्धा तास जायचा तो गेला, आणि दर काही महिन्यांनी एक बैठक एवढ्यावर निभावतं. चेहऱ्यासाठी जाणारीनं अपेक्षा याच मापाची ठेवावी. पायांचे फोटो बघून चेहऱ्याचं पॅकेज घेऊ नये.

आठवतील तशा काही गोष्टी. लेझरआधी चार ते सहा आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा, सगळं बंद. मुळासकट केस उपटला तर लेझरला तापवायला काही उरतच नाही. रेझर चालतो, उलट आदल्या दिवशी भादरूनच जायचं. चेहऱ्यावर रेझर फिरवला की केस जाड होतात ही समजूत खोटी आहे, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून तसं भासतं. उन्हानं रापलेल्या त्वचेवर करून घेऊ नका, आणि नंतर सनस्क्रीनला सुट्टी नाही.

आमच्या मावशीनं माझे पाय बघून विचारलं, "मी पण येऊ का गं तुझ्याबरोबर?" तिच्या हनुवटीचे केस पांढरे झालेत. पांढऱ्या केसात मेलॅनिन नाही, लेझर त्याला ओळखतच नाही. सोनेरी आणि लाल केसांवरही त्याचा फारसा परिणाम होत नाही. तिला इलेक्ट्रॉलिसिस सुचवलं: एकेका मुळात बारीक सुई घालून वीज द्यायची. वेळखाऊ आहे, पण रंगाची अट नाही.

डोळ्यांवर गॉगल लावल्याशिवाय यंत्र सुरू करू देऊ नका, आणि भुवयांच्या खालच्या भागात, पापण्यांजवळ लेझर करतो म्हणणाऱ्याकडून उठून या. डॉक्सिसायक्लिनसारखं उन्हाला त्वचा हळवी करणारं औषध चालू असेल तर आधी सांगा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर तेही. गरोदरपणात सहसा पुढेच ढकलतात. बधिर करणारं मलम घरून मोठ्या भागावर थापून, वर प्लॅस्टिक गुंडाळून जाऊ नका. त्यातलं लिडोकेन रक्तात जास्त गेलं तर जिवावर बेततं.

टॅटूवरून लेझर नेऊ द्यायचा नाही, शाई तापते आणि भाजतं. तिळांवर पांढरी पेन्सिल लावून घ्यायची. आणि प्रत्येक बैठक संपली की, कपडे घालायच्या आधी, त्या दिवसाच्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढायचा. फाईल समोरच उघडी असते. त्या वेळी कुणी नाही म्हणत नाही.