केदारच्या चढावर: काही खोगिरावर, काही पायी

इंदूरमध्ये वारी म्हटले की मराठी माणसाला पंढरपूरच आठवते. आमच्या भजनी मंडळाने मात्र या वर्षी केदारनाथ गाठायचे ठरवले. निघताना राजवाड्यासमोरच्या अहिल्यादेवींच्या पुतळ्याला हात जोडले, कारण काशीपासून केदारपर्यंत यात्रेकरूंची सोय पाहणाऱ्या बाईंच्या गावातून निघणाऱ्यांना दुसरा आरंभ सुचत नाही. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर चढण्याचा सराव आम्ही केला होता; पण तो डोंगर हजार मीटरसुद्धा उंच नाही आणि केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, तेव्हा सरावाचा उपयोग पायांना झाला, श्वासाला नाही.

गौरीकुंडापासून देवळापर्यंत सुमारे सोळा किलोमीटरचा चढ आहे. लिंचोलीपर्यंत घोडा आणि पुढे पायी, असे मी ठरवले. सगळे घोडा म्हणत असले तरी बहुतेक जनावरे खेचरेच असतात. चढावर पुढे झुकावे, उतारावर मागे रेलावे आणि पाय रिकिबीत घट्ट ठेवावेत, एवढे घोडेवाल्याने सांगितले. खेचर दरीच्या कडेनेच का चालते, हे मात्र विचारावे लागले. एरवी त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना ओझे असते आणि ते डोंगराच्या खडकाला घासू नये म्हणून त्याला बाहेरची कड धरायची सवय लागते, असे त्याचे उत्तर होते. ते पटले, तरी मंदाकिनी नदी थेट पायांखाली दिसू लागली की रामकृष्ण हरीचा गजर आपोआप मोठा होई.

तरीही खोगिरावरून डोंगर पाहण्याचे सुख वेगळेच आहे, हे मान्य केले पाहिजे. वाटेची काळजी जनावराने घेतलेली असल्यामुळे नजर समोरच्या कड्यावरून, धबधब्यांवरून आणि हिरव्या जंगलावरून मोकळी फिरते. जून २०१३च्या प्रलयात रामबाडा हा वाटेवरचा थांबा वाहून गेला. तेथून पुढची वाट आता पूल ओलांडून नदीच्या दुसऱ्या तीरावरून काढलेली आहे, आणि समोरच्या उतारावर जुन्या वाटेच्या तुटक रेषा अजून दिसतात. त्या पाहत असताना आमच्यातले गाणे काही वेळ थांबले.

लिंचोलीला उतरल्यावर डोंगराचे माप बदलले. वीस पावले, मग काठीवर टेकून विसावा, असे चालताना दगडांच्या फटींतली रानफुले दिसली, समोरून उतरणाऱ्यांचे ‘जय बाबा केदार’ ऐकू आले, आणि गुडघेदुखीमुळे घोड्यावर बसलेल्या आमच्या काकू पुढे जाताना मागे वळून नावे घेत सगळ्यांना चिडवत होत्या. घोडेसुद्धा देवळापर्यंत जात नाहीत. अखेरचा टप्पा सर्वांना चालावाच लागतो, आणि मला ही व्यवस्था योग्य वाटते.

दर्शनानंतर देवळामागची भीमशिला पाहिली. प्रलयात वाहत आलेल्या याच प्रचंड शिळेने पाण्याचा लोंढा दुभंगला आणि मंदिर वाचले.

उतरताना मी घोडा घेतला नाही. उतारावर बसणाऱ्याची कंबर आणि जनावराचे पुढचे पाय दोन्ही शिणतात. ज्याचे गुडघे धड आहेत त्याने चढताना घोडा घ्यावा आणि उतरताना काठी, असे माझे मत झाले आहे. काकूंना ते अजिबात मान्य नाही. त्या जातानाही आणि येतानाही घोड्यावरच होत्या, आणि पुढच्या वर्षी चोपत्याहून तुंगनाथलासुद्धा तशाच जाणार आहेत.