तपासलीस की अंदाज केलास?

"अरे, ही जाताना नीट जाते, परत येताना दगा देते," म्हणत बाईंनी सायकल माझ्या गॅरेजच्या पायरीला टेकवली. बाई मला तिसरीला होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी इलेक्ट्रिक सायकल घेतली. मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की ना लायसन्स ना नोंदणी, हे त्यांनी दुकानदाराकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

तक्रार चमत्कारिक. बोडगेश्वराच्या देवळात जाऊन या, काही नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा, काही नाही. बाजारातून घरी निघालं आणि चढ लागला की मोटर गप्प. डिस्प्ले चालू, असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, तीनवर, बॅटरीच्या कांड्या भरलेल्या, आणि सगळा भार बाईंच्या गुडघ्यांवर.

ऐकता ऐकताच मी निकाल दिला. येताना चढ आहे. चढावर मोटर जास्त करंट ओढते. सेल थकलेले असले तर तेवढ्यापुरतं व्होल्टेज खाली बसतं, आणि ३६ व्होल्टच्या बॅटरीत ते ३१च्या आसपास गेलं की मोटरला वीज देणारा कंट्रोलर ती बंद करतो. भार गेला की व्होल्टेज पुन्हा वर, म्हणून कांड्या भरलेल्याच दिसतात.

"बाई, बॅटरी गेली."

"तपासलीस की अंदाज केलास?"

चाळिशीतल्या माणसाचे कान गरम झाले. मल्टिमीटर लावला, ४१.६ व्होल्ट. चार्ज पूर्ण असल्याचं कळलं, पण भाराखाली काय होतं ते नाही. पेडलजवळच्या चकतीवरचे बाराही लोहचुंबक जागेवर, पेडल फिरतंय हे ओळखणाऱ्या सेन्सरचं अंतर बरोबर. पावसाने हिरवट झालेले दोन कनेक्टर साफ केले. मग मल्टिमीटर हँडलला चिकटपट्टीने बांधून स्वतःच त्या चढावर गेलो. माझं वजन ८२ किलो. आकडा ३७.८च्या खाली उतरला नाही आणि मोटरने कुरकुर केली नाही. बॅटरी निर्दोष. बाईंना सांगितलं तेव्हा त्या फक्त "हं" म्हणाल्या. तो "हं" मी तिसरीपासून ओळखतो.

पुढचा शुक्रवार चवथीच्या आदला. बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या, सामानाची झुंबड: सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, तोरिंजनं, रानातून आणलेली नावं न कळणारी फळं. ठरल्याप्रमाणे मी स्कूटरवरून बाईंच्या मागे निघालो. सपाटीवर ठीक. चढाच्या तोंडाशी त्यांचा वेग पडला, पाय जड झाले. आणि त्याच वेळी मागचा लाल दिवा भगभगीत पेटला.

ब्रेकचा दिवा. चढावर कोण ब्रेक दाबतं?

"बाई, थांबा!"

डाव्या हँडलला नारळांची पिशवी होती. तिचा बंद ब्रेकच्या दांडीवरून गेला होता, आणि पिशवी हेलकावली की दांडी जेमतेम अर्धा सेंटिमीटर आत ओढली जायची. ब्रेकचे रबर रिमला टेकतही नव्हते, म्हणून बाईंना काही जाणवायचं नाही. पण या दांडीत कट-ऑफ स्विच असतो. ब्रेक लागण्याआधीच मोटर तोडायची हे त्याचं काम, आणि तो ते चोख करत होता. भरीला आमच्या दमट हवेने आतली केबल गंजलेली. एकदा ओढलेली दांडी मागे जायला कुरकुरायची. बोडगेश्वराला जाताना हातात काय, दोन जास्वंदी. माझ्या गॅरेजमध्ये येताना तर पिशवी घरीच.

मी बंद बाजूला सारला. लाल दिवा विझला.

"म्हणजे माझ्या नारळांचा दोष?" बाई म्हणाल्या.

"माझा पण. रिकामी सायकल तपासली मी."

पिशवी माझ्या स्कूटरच्या हुकाला गेली, केळ्यांचा घड पायांशी. बाईंनी पेडल मारलं, मोटरने बारीक गुंजारव केला, आणि त्या चढ चढू लागल्या. मी नारळ सांभाळत मागून.

सोमवारी केबल बदलली, मागे कॅरिअरवर टोपली बसवून दिली. बिल पाहून बाईंनी चष्मा खाली ओढला.

"केबलचे लावलेस, टोपलीचे लावलेस. अंदाजाचे किती?"